लाइन गेली की झडप मिटलीच पाहिजे

ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावात पंपाच्या मोटारी वाइंड करण्याचे माझे दुकान आहे आणि गेली दोन वर्षे रात्रीचा मोकळा वेळ मी लेझर प्रोजेक्टर बांधण्यात घालवतो आहे. त्यात गॅल्व्होंवरचे (विजेच्या संकेतानुसार झटपट वळणाऱ्या बारीक मोटारींवरचे) दोन चिमुकले आरसे झोत फिरवून भिंतीवर चित्र काढतात. आरसे फिरतात तोवर प्रकाश साऱ्या चित्रात वाटला जातो. ते थांबले, की सगळा झोत एकाच बिंदूवर येतो. माझा लेझर १ वॅटचा आहे आणि ०.५ वॅटच्या वरचा लेझर चौथ्या वर्गात मोडतो. तो डोळ्यांत गेला, तर पापणी मिटायला लागणाऱ्या पाव सेकंदाच्या आतच दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते.

रेषांमधली उघडझाप डायोड लेझर स्वतःच करतो, म्हणून वेगळे शटर, म्हणजे झोत अडवणारी झडप, अनेकांना अनावश्यक वाटते. मात्र ड्रायव्हरमधला, म्हणजे लेझरला प्रवाह पुरवणाऱ्या सर्किटमधला, ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर लेझर पेटलेलाच राहतो. त्या वेळी वाटेत आडवे येणारे धातूचे पाते हाच आधार असतो, आणि ते फिरवायला मी १२ व्होल्टचा, ४५ अंश वळणारा रोटरी सोलेनॉइड (वीज दिली की दांडा वळवणारी चुंबकी कॉइल) घेतला.

पहिल्या जुळणीत वीज दिल्यावर पाते मिटत असे. दुकानातल्या मुलाने विचारले, “भाऊ, लाइन गेली तं हे पातं कुठं राहीन?” प्रश्न अगदी नेमका होता. मी त्याच रात्री जुळणी उलटी केली: आता स्प्रिंग पाते मिटवते आणि उघडे ठेवायला वीज लागते. आमच्याकडे लाइन जाते तशी झटके देत परतही येते, आणि गॅल्व्हो सावरण्याआधीच लेझर पेटण्याचा धोका असतो. म्हणून सोलेनॉइडचा पुरवठा मी गॅल्व्होच्या धन आणि ऋण अशा दोन्ही व्होल्टेजवर चालणाऱ्या रिलेंमधून (विजेने चालणाऱ्या स्विचांमधून) आणि किल्लीच्या स्विचमधून एकापाठोपाठ नेला आहे. आयएलडीए या लेझर-शो संघटनेच्या पद्धतीच्या २५ पिनांच्या कनेक्टरवर १३ क्रमांकाची पिन शटरसाठीच असते. तिचा संकेत या साखळीतली शेवटची कडी आहे.

उघडे ठेवायला सतत वीज द्यायची, तर कॉइल तापणार. माझ्या कॉइलचा रोध १२ ओहम आहे, म्हणजे १२ व्होल्टवर १ अँपिअर प्रवाह आणि १२ वॅट उष्णता. पाते वळवायला तेवढा जोर लागतो, पण एकदा वळल्यावर ते धरून ठेवायला बराच कमी पुरतो. त्यामुळे ०.२ सेकंद पूर्ण व्होल्टेज देऊन मी ते ६ व्होल्टवर उतरवतो आणि उष्णता चौथाईवर, ३ वॅटवर, येते. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. मे महिन्यातल्या ४५ अंशांत तो २० अंशांपेक्षा १० टक्के जास्त भरतो, प्रवाह जवळपास तितकाच घटतो आणि त्यासोबत ओढही घटते. हिवाळ्यात जेमतेम वळणारे पाते उन्हाळ्यात अडकेल, म्हणून स्प्रिंग निवडताना ही घट आधीच धरावी.

सर्वाधिक वेळ मिटण्याच्या वेगावर गेला. वीज तोडताना कॉइल उलट झटका देते. तो जिरवायला कॉइलवर नुसता डायोड (एकाच दिशेने प्रवाह सोडणारा भाग) लावला, तर वीज तोडल्यावरही प्रवाह त्यातून फिरत राहतो आणि पाते रेंगाळते. लाल पॉइंटरचा ठिपका मोबाइलवर सेकंदाला २४० चित्रांच्या गतीने टिपला, तेव्हा तो विझायला ११ चित्रे, म्हणजे सुमारे ४६ मिलिसेकंद लागले. डायोडला २४ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजनंतरच उलट प्रवाह सोडणारा डायोड) जोडल्यावर प्रवाह लवकर संपतो आणि ५ चित्रे लागली. कॉइलची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मॉस्फेट ट्रान्झिस्टरवर अशा वेळी सुमारे ३७ व्होल्ट येतात, म्हणून मी ६० व्होल्टचा वापरला.

वेग वाढल्यावर पाते अटकावावर आपटून उसळू लागले आणि झोत पुन्हा क्षणभर निसटू लागला. सायकलच्या ट्यूबचा तुकडा अटकावाला चिकटवला, तरी थोडी उसळी उरलीच. शेवटी पाते १२ मिलिमीटर रुंद केले. ३ मिलिमीटरचा झोत आता त्याच्या मधोमध येतो आणि कड उसळली तरी झाकलेला राहतो. पात्याला काळा रंग मात्र लावू नये, कारण तो झोताने जळतो आणि धूर आरशांवर बसतो. मी उघडे ॲल्युमिनियम तिरपे बसवून झोत खालच्या काळ्या फिनांच्या (उष्णता सोडणाऱ्या पातळ पट्ट्यांच्या) ठोकळ्यात वळवला आहे. तो ठोकळा अर्धा तास झोत सोसून हाताला कोमट लागतो.