कोस्टा रिकाची पक्षीवही: आधी कान, मग दुर्बीण

कोस्टा रिकाच्या तयारीत मी एक गोष्ट ठरवली होती. जातींची नावं पाठ करायची नाहीत, कुळं ओळखायला शिकायची, आणि तीही डोळ्यांपेक्षा कानांनी. दौरा झाला, वही भरली. त्या तयारीचा जंगलात कुठे किती उपयोग झाला, हे आता सविस्तर लिहिते. सह्याद्रीत पक्षी बघत शिकलेल्या माणसाला तिकडे जायचं असेल तर याचा थोडा हातभार लागावा.

कुळांपासून सुरुवात का करायची, ते आधी. कोस्टा रिकाचं क्षेत्रफळ ५१,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक षष्ठांश. तेवढ्यात पक्ष्यांच्या ९०० हून जास्त जाती. एका बाजूला कॅरिबियन, दुसरीकडे प्रशांत महासागर, मधे तीन हजार मीटरच्या वर जाणारा डोंगरकणा, आणि साधारण तीस लाख वर्षांपूर्वी दोन्ही अमेरिका या चिंचोळ्या पट्टीनं जोडल्या गेल्यावर उत्तर-दक्षिण झालेली सरमिसळ. सकाळी घामाघूम होऊन निघावं आणि दुपारी स्वेटर चढवावा, एवढ्या अंतरात पक्ष्यांचं अख्खं विश्व बदलतं. एकेक जात घोकत बसलं तर आयुष्य पुरायचं नाही.

आवाजांचं कारण जास्त मजेशीर आहे. आपले गाणारे पक्षी, म्हणजे दयाळ, शामा, कस्तूर, लहानपणी ऐकून ऐकून गाणं शिकतात. म्हणून एकेका दयाळाची तान वेगळी, त्यात दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला मिसळलेल्या. मध्य अमेरिकेच्या जंगलात मात्र अँटबर्ड, वुडक्रीपर, मॅनाकिन, टायरंट फ्लायकॅचर ही मोठमोठी कुळं एका वेगळ्याच शाखेतली आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांचं गाणं उपजत असतं. या शाखेचा आपल्या महाराष्ट्रात नेहमी भेटणारा प्रतिनिधी एकच, पहिल्या पावसाबरोबर येणारा नवरंग. नवरंगाची ती दोन सुरांची शीळ आठवून बघा, कर्नाळ्यात ऐका नाहीतर ताडोब्यात, तीच. अँटबर्डचंही तसंच. घरी हेडफोनवर पाठ केलेली शीळ जंगलात जवळपास तशीच्या तशी ऐकू येते, त्यामुळे केलेला अभ्यास वाया जात नाही. (याला थ्री-वॅटल्ड बेलबर्डसारखा अपवाद आहे. तो गाणं शिकतो आणि प्रदेशानुसार त्याच्या बोलीही बदलतात. पण तो या वेळी आमच्या वाटेवर नव्हता.)

पहिला मुक्काम ला सेल्वा. सरापिकी भागातलं हे संशोधन केंद्र. लेस्ली होल्ड्रिज या वनस्पतिशास्त्रज्ञानं १९५३ मध्ये ही जमीन घेतली आणि १९६८ पासून ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज ही संस्था ती सांभाळते. साधारण १,६०० हेक्टरचं जंगल, वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पाऊस आपल्या आंबोलीला नवा नाही, पण आंबोलीत तो चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथे तो वर्षभर हप्त्याहप्त्यानं येतो, ‘कोरड्या’ म्हणवणाऱ्या महिन्यांतही. दुर्बिणीच्या पिशवीत सिलिका जेल हवंच.

झुलता पूल ओलांडून आत गेल्यावर गाईडनं पहिला अर्धा तास आम्हाला दुर्बीण उचलूच दिली नाही. उभं राहायचं, ऐकायचं आणि आवाज कुठल्या थरातून येतोय तेवढं सांगायचं: जमिनीवरून, कमरेइतक्या झुडपातून, मधल्या फांद्यांतून की पार शेंड्यावरून. हा धडा मी आता ताम्हिणीतही वापरणार आहे. थर कळला की निम्मी कुळं आपोआप गळतात. शेंड्यावरून बेडकासारखी डुरकी आली तर कील-बिल्ड टुकन, तीन-चार सुरांची लांब हाक आली तर यलो-थ्रोटेड टुकन. दोघंही अवाढव्य चोचीचे. आपल्याला लगेच धनेश आठवतो, पण नातं काहीच नाही. धनेशाची मादी स्वतःला ढोलीत लिंपून घेते, टुकनमध्ये असली पद्धत नाही. फळांच्या जंगलात दोन वेगळ्या घराण्यांना मोठ्या चोची आल्या, एवढंच.

आता ज्याच्यासाठी ही सगळी तयारी केली होती ते.

वाटेच्या एका वळणावर गाईड थांबला आणि त्यानं कानाकडे बोट नेलं. मला आधी फक्त पाचोळ्याची सरसर ऐकू आली, पावसाची भुरभुर असावी तशी, पण वरून काहीच पडत नव्हतं. मग एक रडवा, घासल्यासारखा ‘च्यिर्रर्र’ आला. घरी इतक्या वेळा ऐकलेला, की नाव तोंडातून आपोआप निघालं: बायकलर्ड अँटबर्ड. म्हणजे लष्करी मुंग्या जवळच होत्या. एसिटॉन बर्चेलाय ही मुंगी हजारोंच्या फौजेनं, कित्येक मीटर रुंद आघाडी धरून पाचोळा विंचरत पुढे सरकते. झुरळं, रातकिडे, कोळी, जे काही लपलेलं असेल ते जीव घेऊन पळतं. ती सरसर या पळणाऱ्या किड्यांची होती. अँटबर्ड नावाप्रमाणे मुंग्या खात असतील असं वाटतं, पण त्यांचा डोळा असतो या पळणाऱ्यांवर.

पँटचे पायचे मोज्यांत खोचून आम्ही आघाडीच्या बाजूला, रांगेत पाय पडणार नाही अशा बेतानं उभे राहिलो. माझ्यापासून हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर म्हणावं इतक्या जवळ एक बायकलर्ड अँटबर्ड बोटाएवढ्या जाडीच्या उभ्या रोपट्याला आडवा चिकटला. पाठ तपकिरी, छाती पांढरीशुभ्र, डोळ्याभोवती निळसर कातडी. शेपटी हलकेच खाली-वर. एकदम जमिनीवर उडी, चोचीत लांब मिशांचं झुरळ, आणि परत त्याच रोपट्यावर, बरोबर त्याच पेरावर. मुंग्यांना त्याचा पाय लागतच नाही, कारण तो उभ्या काडीवर बसतो. ही बैठक मी पुस्तकात वाचली होती. ती का, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं.

मग मधोमध जागा बदलली. एक मोठा, अंगभर खवल्यांसारखी नक्षी आणि चेहऱ्यावर ठळक निळी कातडी असलेला पक्षी आला आणि बायकलर्ड बाजूला सरकला. ओसिलेटेड अँटबर्ड! इथे मानापानाची उतरंड असते. आघाडीच्या मध्यभागी, जिथे सर्वांत जास्त किडे उठतात, तिथे ओसिलेटेड. त्याच्या कडेला बायकलर्ड. आणखी बाहेर छोटा स्पॉटेड अँटबर्ड, जो मुंग्यांशिवायही पोट भरू शकतो. खोडांवर बुंध्याजवळ नॉर्दर्न बार्ड वुडक्रीपर. पहिले दोघं मात्र जवळजवळ पूर्णपणे या फौजेवर अवलंबून. मुंग्यांचं चक्र असतं: सुमारे पंधरा दिवस रोज मुक्काम हलवत जोरदार शिकार, मग सुमारे वीस दिवस एकाच जागी ठाण मांडून कमी हालचाल. त्यामुळे या पक्ष्यांना एकाच वेळी अनेक वसाहतींचा ठावठिकाणा लक्षात ठेवावा लागतो. सकाळी ते मुंग्यांच्या मुक्कामांवर फेरी मारून कोण निघालंय ते बघून येतात. जंगलाचा तुकडा लहान झाला, त्यातल्या वसाहती कमी झाल्या, की सगळ्यात आधी हे पक्षी जातात. ला सेल्वातही झाडोऱ्यातल्या कीटकभक्षी पक्ष्यांची घट अभ्यासकांनी नोंदवलेली आहे. म्हणून त्या अर्ध्या-पाऊण तासाची किंमत मला कुठल्याही मोठ्या यादीपेक्षा जास्त वाटते.

त्याच दिवशी दुपारी व्हाइट-कॉलर्ड मॅनाकिनचा आखाडा. नर जमिनीवरचा पाचोळा साफ करून वीतभर-हातभर अंगण तयार करतो आणि भोवतालच्या रोपट्यांवरून इकडून तिकडे उड्या मारतो. प्रत्येक उडीला पंखांचा फटाका, दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाचा आवाज डोळ्यांपुढे आणा. एक उडाला की शेजारच्या अंगणातला दुसरा. गळ्यातून नाही, पंखांतून निघणारा हा आवाज रेकॉर्डिंगवर कितीही ऐकला तरी समोर दचकवतोच.

सरापिकीतून बाहेर पडताना रस्त्याच्या दुतर्फा अननसाचे मळे लागतात. त्या मळ्यांवरून ग्रेट ग्रीन मकाव या मोठ्या पोपटांची एक जोडी ओरडत गेली, एका एकट्या उभ्या अल्मेंद्रोच्या झाडाकडे. या मकावचं खाणं आणि घरटं दोन्ही बरंचसं या एका झाडावर अवलंबून, आणि त्याचं लाकूड टणक म्हणून तेच झाड तोडलं जायचं. कोस्टा रिकानं एके काळी बेसुमार जंगल गमावलं. आज देशाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा झाडांखाली आहे. १९९६ च्या वन कायद्यानंतर १९९७ पासून जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना पैसे दिले जातात आणि त्यातला मोठा वाटा इंधनावरच्या करातून येतो. सह्याद्रीतल्या खासगी जंगलांची तोड बघितलेल्या प्रत्येकानं हा भाग नीट वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काराराबद्दल थोडक्यात. प्रशांत किनाऱ्याजवळ, कोरडं जंगल आणि ओलं जंगल जिथे भेटतं तिथलं राष्ट्रीय उद्यान. तार्कोलेस नदीच्या पुलाखाली मगरी, संध्याकाळी खारफुटीतल्या रातथाऱ्याकडे जोडीजोडीनं जाणारे स्कार्लेट मकाव. ऊन लवकर चढतं, आठनंतर जंगल गप्प. फोटोवाल्यांना इथे जास्त आवडेल.

मग डोंगर. सेरो दे ला मुएर्तेच्या माथ्यावर रस्ता ३,३०० मीटरच्या वर जातो. खुजी झुडपं, वारा, आणि पायाशी बिनधास्त फिरणारा व्होल्केनो जुन्को. हा फक्त कोस्टा रिका आणि पश्चिम पनामाच्या उंच माथ्यांवर सापडतो. थोडं खाली आल्यावर फायरी-थ्रोटेड हमिंगबर्ड. बाजूनं बघितला तर साधा गडद हिरवा. तो आपल्याकडे तोंड वळवतो आणि गळा पेटतो, मधे केशरी-लाल, कडेला पिवळा, मग निळा. रंगद्रव्य नाही, पिसांच्या रचनेतून फुटणारा प्रकाश, मोरपिसाचंच तत्त्व. आपला शिंजीर बहुधा बसून मध पितो, हा हवेत थांबून. एवढ्या खर्चिक उडण्यामुळे थंड रात्री अनेक हमिंगबर्ड शरीराचं तापमान खाली आणून गुंगीत जातात. सकाळी थंडीत कुडकुडताना मला त्यांचा हेवा वाटला.

खाली सान हेरार्दो दे दोता, सावेग्रे नदीचं खोरं. इथे क्वेट्झल. तो कर्ण्याच्या कुळातला आहे हे ध्यानात ठेवून गेले, आणि खरंच, कर्णा बघायला आंबोलीत जे शिकले तेच इथे उपयोगी पडलं: हालचाल शोधायची नाही, मधल्या थरात ताठ, निश्चल बसलेला आकार शोधायचा. या कुळाची पहिली आणि दुसरी बोटं मागे वळलेली असतात, ही ठेवण दुसऱ्या कुठल्याच पक्ष्यांत नाही. आपला कर्णा मुख्यतः किडे खातो, क्वेट्झल मात्र रानटी अव्होकॅडोचा भोक्ता. त्या छोट्या फळांना तिथे अग्वाकातियो म्हणतात. नर फांदीवरून सुटला, फळ उडतच तोडलं, दुसऱ्या फांदीवर बसून अख्खं गिळलं. मागची लांब हिरवी पिसं, जी खरं तर शेपटी नसून शेपटीवरची आच्छादनं आहेत, वाऱ्यावर हलत होती. बऱ्याच वेळानं त्यानं मान पुढे काढली, चोच उघडली आणि बी टपकन खाली टाकलं. क्वेट्झल झाडं लावतो म्हणतात ते असं. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी ही झाडं शेतात राखली आहेत, कारण क्वेट्झल आला की पाहुणे येतात.

गाईडनं क्वेट्झलला बोलावण्यासाठी एकदाही रेकॉर्ड केलेला आवाज वाजवला नाही. विणीच्या दिवसांत वाजवायचा नाही, हा त्याचा नियम. पक्षी दाखवायचा लेझरही पक्ष्यावर नाही, शेजारच्या खोडावर. गाईड निवडताना या दोन गोष्टी आधी विचारून घ्या. आणि मोठा गट टाळा. अरुंद वाटेवर दहावा माणूस येईपर्यंत अँटपिटासारखा जमिनीवरचा बुजरा पक्षी निघून गेलेला असतो.

परतीच्या आधी सान होसेजवळच्या बागेत क्ले-कलर्ड थ्रश जोरात गात होता. मातकट रंगाचा साधा पक्षी, तिकडे त्याला यिग्विर्रो म्हणतात. १९७७ मध्ये मकाव, टुकन, क्वेट्झल सगळे सोडून त्यांनी याला राष्ट्रीय पक्षी केलं. तो गायला लागला की पाऊस जवळ आला, असं शेतकरी मानतात. ‘पेर्ते व्हा’ ऐकत वाढलेल्या आपल्याला ही निवड पटायला वेळ लागत नाही.

वहीची आजची स्थिती: अँटबर्ड, ट्रोगॉन (म्हणजे कर्ण्याचं कुळ) आणि मॉटमॉट ही कुळं कानांनी पक्की. मॅनाकिन बऱ्यापैकी. टायरंट फ्लायकॅचर अजून कच्चे, चारशेहून जास्त जातींचं कुळ आहे, त्यांना वेळ द्यावा लागेल. वुडक्रीपरमध्ये स्ट्रीक-हेडेड आणि कोको यांचे आवाज सध्या रोज सकाळी चहाबरोबर ऐकते आहे. पुढचा बेत ऑक्टोबरचा, तालामांका किनाऱ्यावर. तिथल्या केकोल्दी आदिवासी क्षेत्रातल्या मनोऱ्यावरून दक्षिणेकडे जाणारे शिकारी पक्षी मोजले जातात, एका हंगामात दहा लाखांहून जास्त. त्यासाठी कान नाही, उडणाऱ्या आकारांचा अभ्यास लागेल. तो या पावसाळ्यात सुरू करते आहे, आधी ब्रॉड-विंग्ड आणि स्वेन्सन्स हॉक यांच्या पंखांच्या कडांपासून.