जपानमध्ये अ‍ॅक्युपंक्चर घेण्याआधी

जपानमध्ये खांदा आखडला, कंबर धरली की सहकारी 'हारी' सुचवतात. हारी म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर. सुया टोचणाऱ्याकडे 'हारीशी' हा राष्ट्रीय परवाना हवा. त्यासाठी किमान 3 वर्षांचं शिक्षण आणि परीक्षा असते. 'सेइकोत्सुइन'च्या पाटीवर विसंबू नका; त्या दवाखान्याला हाडं-सांध्यांवरच्या उपचारांचा वेगळा परवाना असतो.

सुईची भीती मात्र खरंच सोडा. इथल्या सुया बहुधा 0.16 ते 0.20 मिमी जाडीच्या, एकदाच वापरायच्या असतात. रक्त काढायची सुई साधारण 0.7 मिमीची. सुई बारीक नळीतून येते, नळीबाहेर डोकावणाऱ्या तिच्या मुठीवर बोटाने हलकेच ठोकतात आणि ती कातडीत शिरते. नळीचा दाब आधीच जाणवत असल्याने टोचणं फारसं कळत नाही. या पद्धतीचं श्रेय सतराव्या शतकातल्या सुगियामा वाइची या अंध उपचारकाला देतात.

आधी नाडी आणि पोट चाचपून पाहतात. सुया 10 ते 15 मिनिटं राहतात. आत जड, पसरणारी ठणक उठली तर ती 'हिबिकी', घाबरण्यासारखं काही नाही. पण विजेसारखी तीव्र कळ आली तर लगेच 'इताई देस' (दुखतंय) म्हणा, सुई मागे घेतील. संकोचून सहन करत पडून राहणं सगळ्यात वाईट.

उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते. रक्त पातळ करणारी गोळी, पेसमेकर, गरोदरपण हे फॉर्मवर लिहाच. कधी सुयांना सौम्य वीज जोडतात, पण पेसमेकर असल्यास ती जोडत नाहीत. 'ओक्यू' म्हणजे औषधी वनस्पती जाळून दिलेला शेक. त्याने डाग राहू शकतो, तेव्हा नको असेल तर आधी सांगा. त्या दिवशी मद्य आणि लांबलचक गरम आंघोळ टाळा.

आरोग्य विमा कंबरदुखी, फ्रोझन शोल्डर, संधिवात अशा ठरावीक 6 तक्रारींनाच लागू होतो, तोही डॉक्टरांचं संमतीपत्र असेल तर. ते 6 महिने चालतं. मात्र त्याच दुखण्यासाठी डॉक्टरांकडून विम्यावर नुसत्या दुखण्यावर लावायच्या औषधी पट्ट्या जरी घेतल्यात, तरी हारीचा खर्च स्वतःच भरावा लागतो. बरेच जण इथेच अडकतात.

टोचलेल्या जागी निळा डाग पडला तर काही दिवसांत जातो. पण मान, खांदा किंवा पाठीत सुया घेतल्यावर काही तासांनीसुद्धा छातीत दुखू लागलं किंवा धाप लागली, तर फुप्फुसाला इजा झालेली असू शकते. हे क्वचित होतं, तरी वाट न पाहता रुग्णवाहिकेसाठी 119 लावा आणि सुया घेतल्याचं आवर्जून सांगा.