कोळंबीच्या टरफलातून सोनं निघतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नकार्यात, एसटीत, कुठेही मी काय काम करते ते कळलं की हाच प्रश्न येतो, "म्हणजे कोळंबीच्या टरफलातून सोनं निघतं?" माझं काम म्हणजे जुन्या कॉम्प्युटरच्या बोर्डांतलं सोनं कोळंबीच्या टरफलापासून केलेल्या मण्यांनी पकडायचं. तेव्हा टरफलातून नाही हो, सोनं पाण्यात असतं, टरफल ते फक्त धरून ठेवतं.

मग लगेच समुद्राचा विषय निघतो, आमच्या रत्नागिरीकडे तर हमखास. समुद्रात सोनं आहे, पण अंदाजे दहा कोटी टन पाण्यात एक ग्रॅम. फ्रिट्झ हाबर, अमोनियासाठी नोबेल मिळालेला, त्यानं 1920 च्या दशकात जर्मनीची युद्धाची देणी फेडायला समुद्रातलं सोनं काढायचा घाट घातला होता, बोटीवर लॅब थाटून पाणी तपासलं आणि सोनं इतकं कमी निघालं की नाद सोडून द्यावा लागला. तेव्हा समुद्र विसरा. मी बोलतेय ते जुन्या मदरबोर्डचं, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या मुख्य सर्किट बोर्डाचं, सोनं ॲसिडमध्ये विरघळवल्यावर जे पाणी उरतं त्याबद्दल.

मिरकरवाडा बंदरातून टरफलं आणली की आधी पातळ ॲसिडमध्ये टाकायची, फसफसून त्यातला चुना जातो, मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात प्रोटीन जातं, उरतं ते कायटिन. ते कडक कॉस्टिकमध्ये तापवलं की कायटोसॅन होतं. हे व्हिनेगरसारख्या ॲसिडमध्ये विरघळवलं की खळीसारखं दाट होतं आणि सिरिंजनं थेंब थेंब कॉस्टिकमध्ये सोडलं की प्रत्येक थेंबाचा पांढरा मणी होतो, अगदी भिजवलेल्या साबुदाण्यासारखा. मला हे अजूनही बघत बसावंसं वाटतं.

पण हे साधे मणी ॲसिडच्या पाण्यात टिकत नाहीत. माझी पहिली बॅच रात्री सोन्याच्या पाण्यात टाकून घरी गेले, सकाळी बीकरमध्ये नुसता चिकट लगदा. म्हणून आधी ग्लुटारल्डिहाइड नावाच्या रसायनानं कायटोसॅनच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधून घ्यायच्या, मग थायोयुरिया हे दुसरं रसायन जोडायचं, कारण त्यात गंधक असतं आणि सोनं, पॅलेडियम अशा मौल्यवान धातूंना गंधकाची भारी ओढ. लोक "मॉडिफाइड कायटोसॅन" म्हणजे काय विचारतात ना, ते हेच.

आता धरतं कसं? त्या पाण्यात सोनं एकटं नसतं, त्याला चार क्लोरीन चिकटलेले असतात आणि सगळ्यांचा मिळून भार ऋण. कायटोसॅनचा अमाइन, म्हणजे त्यातला नायट्रोजनवाला भाग, ॲसिडमध्ये धन होतो, म्हणून सोनं तिकडे खेचलं जातं. तांबं बोर्डात कितीतरी जास्त, पण सौम्य ॲसिडमध्ये ते बहुतेक धन भारानं फिरतं, त्यामुळे अमाइन त्याला लांब ठेवतो. ॲसिड फार घातलं तर मात्र क्लोराइडच सगळ्या जागा अडवून बसतं आणि सोनं पाण्यातच राहतं. हे जमलं की पिवळं पाणी काही तासांत फिकं होत जातं आणि मणी काळपट.

जपानमध्ये सागा विद्यापीठातल्या लोकांनी काकी (पर्सिमन) या फळाचा टाकाऊ भाग याच कामाला लावला, काकी म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या जातकुळीतलंच झाड. त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, सोन्याला नुसतं धरत नाही, इलेक्ट्रॉन देऊन त्याचा धातूच करून टाकतं, सोन्याचे कण दिसायला लागतात. मला वाटतं पुढे जायची वाट तीच आहे, कारण धरलेलं सोनं सोडवणं हे धरण्याइतकंच अवघड. एक तर आम्लयुक्त थायोयुरियानं धुवून काढा म्हणजे मणी परत वापरता येतात, नाहीतर मणी सरळ जाळा.

जाळण्याचं मी कोल्हापूरच्या गुजरी या सराफ बाजारात एका झारेकरी काकांना सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही, सोनाराच्या दुकानातला केर जाळून, राख धुवून सोनं काढणं हेच तर ते आयुष्यभर करत आलेत.

पैसा सुटतो का म्हणाल तर खाणींमध्ये नारळाच्या करवंटीचा ॲक्टिव्हेटेड कार्बन, म्हणजे खास तयार केलेला सच्छिद्र कोळसा, कित्येक वर्षं सोनं पकडतोय, त्याला हरवायचं तर मणी स्वस्त आणि पुन्हा पुन्हा वापरण्याजोगा हवा, आम्ही तिथेच अडलोय. आणि कृपा करून घरी बोर्ड ॲसिडमध्ये टाकू नका, तो धूर फुफ्फुसं जाळतो. टरफलं मात्र धुवून, कडक उन्हात वाळवून ठेवा, मी येऊन घेऊन जाईन.