मॅडिन-मालिका : ‘केअरफुल’चे दोन रंग अखेर पडद्यावर

कॅनडाचे चित्रपट दिग्दर्शक गाइ मॅडिन यांच्या कारकिर्दीतले एकेक तंत्र कालक्रमाने १६ मिमी फिल्मवर उतरवण्याच्या या उपक्रमात मी त्यांच्या ‘केअरफुल’ (१९९२) या चित्रपटापाशी बराच काळ अडकलो होतो. या आठवड्यात धुऊन आलेल्या रिळात अपेक्षित नारिंगी आणि मोरपिशी रंग प्रथमच दिसले. ‘टेल्स फ्रॉम द गिम्ली हॉस्पिटल’ (१९८८) आणि ‘आर्केंजल’ (१९९०) यांच्यासाठी वापरलेली, व्हॅसलीनच्या लेपाने चित्राच्या कडा धूसर करण्याची पद्धत मात्र तशीच ठेवली आहे. लेप भिंगावर न देता त्यापुढे लावलेल्या साध्या यूव्ही फिल्टरच्या काचेच्या कडांना द्यावा, हे माझे मत आता पक्के झाले आहे.

अडचण होती ती जुन्या दोन-पट्टी टेक्निकलरचा, म्हणजे लाल आणि हिरव्या अशा दोनच नोंदींतून रंग घडवणाऱ्या पद्धतीचा, भास निर्माण करण्याची. ट्राय-एक्स या कृष्णधवल फिल्मवर एक चौकट (फ्रेम) लाल (क्रमांक २५) आणि पुढची हिरव्या (क्रमांक ५८) फिल्टरमधून घेऊन त्या संगणकावर एकत्र करण्याची माझी योजना स्थिर वस्तूंवर उत्तम चालली, परंतु माणसाने मान वळवताच चेहऱ्याभोवती लाल-हिरवी झालर उमटू लागली. १९११ चा दिल्ली दरबार ज्या किनेमाकलरने टिपला, त्या आळीपाळीने लाल-हिरव्या चौकटी घेणाऱ्या पद्धतीचाही हाच दोष होता. टेक्निकलरने कॅमेऱ्यातच प्रकाशकिरण विभागून दोन्ही नोंदी एकाच क्षणी घेतल्या, पण तसा कॅमेरा आपल्या आवाक्यातला नाही. शिवाय लाल फिल्टर तीन स्टॉप प्रकाश खातो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा), म्हणजे २०० आयएसओ संवेदनशीलतेची फिल्म २५ वर येते आणि छोट्या खोलीतले दिवे अपुरे पडतात. त्यातच एका विक्रेत्याने पाठवलेले जिलेटिन फिल्टर उडालेल्या रंगाचे निघाले. फिल्टर नेहमी काचेचेच घ्यावेत.

वाट सापडली ती चित्रपट पुन्हा पाहताना. मोठा आवाज झाला तर हिमकडा कोसळेल या भीतीने कुजबुजत जगणारे टोल्झबाड हे डोंगरी गाव सपाट मैदानातल्या विनिपेगमध्ये, रंगवलेल्या देखाव्यांतून उभे राहिले आहे. तिथे डोंगर रंगवता येतो, तर रंगांची बंधने फिल्टरऐवजी थेट नेपथ्यावर का घालू नयेत? मी पडदे, कपडे, ओठ आणि लाकडी सामानसुद्धा दोनच रंगांत रंगवले, समोरच्या दिव्यांना नारिंगी आणि मागच्या दिव्यांना मोरपिशी जेल (रंगीत पारदर्शक पत्रे) लावले आणि व्हिजन-३ ५००टी या रंगीत फिल्मवर चित्रण केले. झालर नाहीशी झाली. गालावरची नारिंगी छटा कानामागे मोरपिशीत विरते तो क्षण मी पुनःपुन्हा पाहतो आहे. पिवळा अजून कुठे कुठे डोकावतो. पितळी दिवा बदलावा लागेल.

ठरल्याप्रमाणे पुढचा टप्पा ‘ट्वायलाइट ऑफ द आइस निम्फ्स’चा (१९९७) होता. परंतु ३५ मिमीवरचा तो गुळगुळीतपणा मॅडिन यांच्या स्वभावाशी जुळत नाही असे मला वाटते. टोरांटो महोत्सवाच्या पंचविसाव्या वर्षासाठी केलेल्या ‘द हार्ट ऑफ द वर्ल्ड’ (२०००) या सहा मिनिटांच्या कृष्णधवल लघुपटात ते पुन्हा मूकपटाच्या भाषेकडे आणि सोव्हिएत संकलनशैलीच्या झपाट्याकडे वळले, म्हणून मी थेट तिकडेच जाणार होतो. ही नोंद लिहितानाच वेगळा विचार सुचला आहे: नव्या दोनरंगी दृश्याचेच त्या वेगाने तुकडे करून पाहावेत. रंगवलेले पडदे अजून उभे आहेत आणि पाऊण रीळ शिल्लक आहे, तेव्हा आधी हाच प्रयोग होईल.