नळदुर्ग, १३ सप्टेंबर

आज मामांसोबत नळदुर्गला गेलो. किल्ल्यात पाणीमहालाजवळ सेल्फीवाल्यांची ही गर्दी! मामांचं लक्ष मात्र बोरी नदीकडे. १३ सप्टेंबर १९४८, निजामाच्या हैदराबाद संस्थानावर भारतीय लष्करानं केलेल्या कारवाईचा, म्हणजे पोलीस ॲक्शनचा पहिलाच दिवस. सोलापूरकडून आलेल्या फौजेत दुसरी शीख पलटण पुढे होती. तिच्यातले हवालदार बचित्तरसिंग, गाव लोपो, पंजाब. गोळ्या मांडीत घुसल्या तरी सरपटत पुढे गेले, दोन ग्रेनेड टाकून समोरची मशीनगन बंद पाडली. त्याच लढाईत गेले. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं, हा सन्मान मिळालेल्या अगदी पहिल्यांपैकी ते एक. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणांत रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूचे हत्यारबंद लोक, भरपूर असतात, हे नाव मी तरी क्वचितच ऐकलंय.

परतताना एका गावात मारुतीच्या पाराला टेकवलेला वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीराचा स्मारक-दगड दिसला. खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. नाव कुठंच नाही, शेंदूर मात्र बोटभर. मामा म्हणाले, "ह्यो बी कुणाचा तरी हवालदारच की."

लेकीचा प्रश्न वेगळाच, "पप्पा, पंजाबचा माणूस इथं कशाला आला होता?" मग काय, लातूर येईपर्यंत निजाम, संस्थान, सगळं सांगत बसलो. औशाच्या पुढं ती झोपली, मामा ऐकत होते.