एक सीव्ही, बारा जागा

सोमवारी सकाळी १० वाजून २० मिनिटांनी वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या एचआर मॅडमनी आम्हाला एक मेल पुढे पाठवला. कारखाना व्हॉल्व्ह बनवतो. त्यांची वेबसाइट सांभाळायचं काम आमच्याकडे येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. मेल दांडिया बाजारात राहणाऱ्या एका ताईंचा, मराठीत होता. २०१९ साली त्यांनी या साइटवरून नोकरीसाठी अर्ज केला होता. आता त्यांचा मोबाइल नंबर गूगलवर टाकला की त्यांचा अख्खा सीव्ही उघडतो, पत्ता आणि जन्मतारखेसकट. ‘नोकरी पक्की आहे, आधी डिपॉझिट भरा’ असे फोन आठवड्यातून दोन-तीनदा येतात. मागण्या तीन होत्या: सीव्ही काढा, माझी आणखी काय माहिती तुमच्याकडे आहे ते कळवा, आणि सगळी पुसून टाका.

आम्ही ब्राउझरच्या खासगी खिडकीत तो नंबर टाकला. पहिलाच निकाल त्यांच्या सीव्हीचा. कारण फाइलच्या नावातच होतं: फॉर्म भरल्यावर जुन्या प्रोग्रॅमने प्रत्येक पीडीएफला ‘नाव-मोबाइल’ असं नाव दिलं होतं. पत्त्याच्या पट्टीतून फाइलचं नाव खोडून नुसता फोल्डर उघडला, तर सगळी यादीच समोर आली. ४१२ सीव्ही. काहींसोबत आधार कार्डाची छायाप्रत, तीही पूर्ण बारा आकड्यांची.

इथून घड्याळ सुरू झालं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार डेटाची गळती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, आणि हे बंधन सगळ्या कंपन्यांना आहे. म्हणजे ४ वाजून २० मिनिटांपर्यंत.

अशा वेळी हात पहिला डिलीटकडे जातो. तो आवरावा. आधी सर्व्हरचे ॲक्सेस लॉग आणि फोल्डरमधल्या फाइलींची तारीखवार यादी वेगळ्या जागी उतरवून घेतली, कारण कोणी काय उघडलं याचा पुरावा तेवढाच असतो. पाच मिनिटांचं काम. मग फोल्डर बंद केला. सर्व्हरला सूचना देणाऱ्या एचटीॲक्सेस फाइलमध्ये यादी दाखवणं बंद करायची एक ओळ असते, पुष्कळ जण तेवढीच घालतात. त्याने यादी लपते, पण ज्याच्याकडे फाइलचा पूर्ण पत्ता आहे त्याला ती तरीही उघडते. आम्ही त्या फोल्डरला येणारी प्रत्येक विनंती सरळ नाकारली आणि दुपारी फाइली वेबसाइटच्या सार्वजनिक फोल्डरच्या बाहेर हलवल्या.

तरी मोबाइलवर ताईंचा सीव्ही उघडतच राहिला. मिनिटभर काही सुचेना. मग प्रतिसादाचे हेडर, म्हणजे फाइलसोबत येणाऱ्या तांत्रिक ओळी, पाहिले, तर त्यात कॅशचा ‘हिट’ होता; म्हणजे फाइल साठवलेल्या प्रतीतून आली होती. साइटच्या पुढे सीडीएन नावाचं मधल्या सर्व्हरांचं जाळं बसवलेलं, आणि पीडीएफसारख्या फाइली ते आपल्या सर्व्हरवर साठवून तिथूनच देत होतं. मूळ दार बंद झाल्याचं त्याच्या गावीही नव्हतं. पूर्ण कॅश रिकामी केली तेव्हा ‘नाकारले’ असा ४०३ आला. फाइल काढल्यावर तपासणी नेहमी बाहेरच्या नेटवर्कवरून, म्हणजे मोबाइल डेटावरून करावी. ऑफिसातल्या संगणकावर स्वतःचीच कॅश फसवते.

आधीच्या कुणीतरी यावर एक उपाय केलेला दिसला, आणि तो उलटला होता. शोधयंत्रांच्या रोबोटांसाठी, म्हणजे साइट वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमांसाठी, जी रोबोट्स फाइल असते तिच्यात या फोल्डरचं नाव लिहून शोधयंत्रांना ‘इथे येऊ नका’ म्हटलं होतं. त्या फाइलने येणं थांबतं, पण आधी नोंदलेला पत्ता पुसला जात नाही. वर ‘हे नोंदवू नका’ असा हेडर लावला तरी गूगल तो वाचू शकत नाही, कारण आत यायलाच बंदी केलेली असते. आणि ती फाइल जगाला उघडी असल्यामुळे लपवायच्या फोल्डरचं नावही तिनेच जाहीर केलं होतं. आम्ही ती ओळ काढली, जुन्या पत्त्यांवर ‘कायमचे काढले’ हा ४१० लावला आणि सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनातून अख्ख्या फोल्डरसाठी काढून टाकायची विनंती टाकली. या विनंतीचा परिणाम साधारण सहा महिनेच टिकतो. तेवढ्यात गूगलने पुन्हा येऊन ४१० पाहिला की निकाल कायमचा जातो.

ताईंची ओळख पटवायचा प्रश्न वेगळा. मेल ज्या पत्त्यावरून आला तो सीव्हीतला नव्हता, कॉलेजच्या काळातला मेल त्यांच्याकडे उरला नव्हता. एचआर मॅडम म्हणाल्या, ‘आधार कार्ड मागवून घेऊया.’ आम्ही नको म्हटलं. माहिती पुसायला सांगणाऱ्या माणसाकडून आणखी संवेदनशील माहिती घेणं हे उफराटं काम आहे, आणि मागचेच आधार आपण उघडे टाकलेत. फॉर्ममध्ये नोंदलेल्या मोबाइलवर सहा आकड्यांचा कोड पाठवला आणि तो मेलवर परत कळवायला सांगितलं. जी माहिती आपल्याकडे आहे तिच्याशीच ताडून पाहायचं. दार बंद करायला मात्र ही ओळखपरेड लागत नाही; गळती कुणीही दाखवली तरी ती आधी बंद करायची.

कोड जुळला आणि खरं काम सुरू झालं: या एका सीव्हीच्या प्रती किती? सर्व्हरवरची फाइल, सीडीएनची कॅश आणि गूगल या तीन जागा झाल्या. चौथी डेटाबेसमधली फॉर्मची नोंद. ही साइट ज्या प्रणालीवर बांधलीय त्या वर्डप्रेसमध्ये २०१८ च्या ४.९.६ या आवृत्तीपासून व्यक्तीची माहिती निर्यात करायचं आणि पुसायचं साधन आहे. आम्ही ते चालवलं, उत्तर आलं की या मेलची काही माहिती नाही. नोंद तर समोर दिसत होती! ते साधन फक्त त्याच प्लगिनमध्ये, म्हणजे वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, पाहतं ज्याने स्वतःची त्याच्याकडे नोंद केलेली असते. जुन्या फॉर्मने केलेली नव्हती. तेव्हा हातानेच टेबल शोधलं. मेलने नाही, मोबाइलच्या शेवटच्या दहा आकड्यांनी, कारण कुणी +९१ लावतं, कुणी शून्य, कुणी मध्ये जागा सोडतं.

पाचवी जागा चाचणीची साइट. दोन वर्षांपूर्वी नवं डिझाइन करताना कुणीतरी पूर्ण साइटची नक्कल केली होती, अपलोड केलेल्या फाइलींसकट, आणि ती पासवर्डशिवाय तशीच उभी. अशी नक्कल जवळजवळ प्रत्येक कंपनीत सापडते. सहावी एचआरची मेलपेटी. सातवी पाहून मात्र वाईट वाटलं: फॉर्मच्या सेटिंगमध्ये अर्जाची एक प्रत पूर्वीच्या डेव्हलपरच्या खासगी मेलवर जायची सोय होती. चाचणीसाठी घातली असेल, काढायची राहिली, आणि प्रत्येक अर्ज तिकडे जात राहिला. त्या दिवशी ती बंद केली, त्यांना फोन केला आणि सगळ्या प्रती पुसल्याचं मेलवर लेखी घेतलं. आठवी जागा व्हॉट्सॲप ग्रुप: मॅडम सीव्ही तिथे टाकायच्या, म्हणजे तो अकरा जणांच्या मोबाइलमध्ये उतरला. ग्रुपवरून पुसला तरी फोनच्या फाइलींत राहू शकतो, तेव्हा प्रत्येकाला आपापल्या फोनमधून काढायला लावला. नववी एक्सेल शीट. दहावी ॲनालिटिक्स, म्हणजे साइटवर कोणती पानं पाहिली जातात त्याची गूगलची मोजणी.

या दहाव्या जागेचं नीट सांगायला हवं, कारण ती सहसा कुणाला दिसत नाही. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून आम्ही करिअरचा फॉर्म खोटी माहिती टाकून भरला. फॉर्म गेट पद्धतीने पाठवला जात होता, म्हणजे नाव, मेल, मोबाइल सगळं पुढच्या पानाच्या पत्त्यात, प्रश्नचिन्हाच्या मागे. तो पत्ता सर्व्हरच्या लॉगमध्ये जातो, ब्राउझरच्या इतिहासात राहतो, आणि ‘धन्यवाद’च्या पानावर जी ॲनालिटिक्सची स्क्रिप्ट चालते तिलाही पूर्ण मिळतो. अहवालात पानांच्या नावांऐवजी माणसांचे नंबर दिसत होते. गूगलच्या स्वतःच्या अटींतच अशी ओळख पटणारी माहिती पाठवायला मनाई आहे. फॉर्म पोस्ट पद्धतीवर आणला, तिच्यात माहिती पत्त्यात जात नाही, पत्त्यातले ते तुकडे गाळायची सोय चालू केली आणि साठलेल्या माहितीसाठी डेटा पुसायची विनंती दिली.

अकरावी जागा बॅकअप. दर रविवारी पूर्ण साइटची झिप फाइल बनते. झिप उघडून एक नोंद काढून पुन्हा बांधायच्या भानगडीत पडू नये, त्यात बॅकअपच बिघडतो. आम्ही बॅकअप ३५ दिवसांनी आपोआप जातील असं ठेवलं, आणि पुसलेल्या नोंदींच्या क्रमांकांची छोटी यादी बॅकअपबाहेर ठेवली. कधी बॅकअप परत चढवावा लागला तर पहिलं काम त्या यादीतल्या नोंदी पुन्हा पुसायचं. यादीत फक्त क्रमांक, नाव किंवा नंबर नाही. नाहीतर पुसलेल्या माणसांचीच नवी यादी तयार होते. बारावी जागा कपाटातली छापील प्रत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा कागदाला लागू होत नाही, पण ताईंनी ‘सगळी’ लिहिलं होतं. फाडून टाकली.

दुपारी तीनला शेठ आले. त्यांचं पहिलं म्हणणं: ‘कुणी हॅक केलं नाही, मग गळती कसली? सरकारला कळवून कंपनीचं नाव कशाला खराब करायचं?’ प्रश्न मनापासून होता. नव्या कायद्यातली व्याख्या त्यांना वाचून दाखवली: माहिती चुकून उघड होणं हाही भंगच. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात; सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. पण सर्ट-इनचे सहा तास आजच लागू आहेत. पूर्ण तपास होईपर्यंत थांबायचं नसतं, हाताशी असेल तेवढं कळवून बाकीचं नंतर देता येतं. ३ वाजून ५० मिनिटांनी अहवाल गेला: काय उघडं होतं, किती फाइली, कधी लक्षात आलं, काय बंद केलं.

‘कधीपासून उघडं होतं, कुणी उतरवलं’ या रकान्यात मात्र लिहायला फारसं नव्हतं. होस्टिंगवर लॉग फक्त ३० दिवस टिकत होते. सर्ट-इनच्या त्याच निर्देशांत १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलंय, नव्या नियमांत एक वर्षाचे. ३० दिवसांत ताईंची फाइल ९ वेळा उघडली गेली होती. त्यातल्या ४ गूगलच्या रोबोटच्या, आयपीवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या क्रमांकावरून, उलट नाव शोधून खात्री केली, कारण रोबोटचं सोंग कुणीही घेतं. उरलेल्या पाचांतल्या दोन त्या सकाळच्या आमच्याच. तीन कुणाच्या, ते कळलं नाही. त्याआधीच्या सहा वर्षांबद्दल काहीच हाती नाही.

ताईंना संध्याकाळी उत्तर पाठवलं, मराठीतच. कोणती माहिती होती, कशासाठी घेतली, कुणाकुणाकडे गेली, कुठून आज पुसली, बॅकअपमधून कोणत्या तारखेला जाईल. जुन्या डेव्हलपरकडे गेलेली प्रतही लपवली नाही. आणि सरळ लिहिलं की जे आधीच उतरवून घेतलं गेलंय ते आम्हाला परत आणता येत नाही. पैशांची मागणी करणारे फोन आले तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करावी. मॅडमनी आधी दोन ओळींचा मसुदा केला होता: ‘आपली माहिती हटवण्यात आली आहे.’ त्यावरून ताईंना काय कळलं असतं?

पुढचे चार दिवस बाकीच्या ४११ जणांचे. प्रत्येकाला वेगळा मेल, कारण सगळ्यांचे पत्ते एकाच मेलमध्ये ‘टू’च्या रकान्यात टाकून गळतीची सूचना देताना दुसरी गळती करणाऱ्या कंपन्या असतात. दोन वर्षांहून जुने अर्ज सरसकट पुसले. फॉर्ममधून वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, फोटो आणि आधार हे रकाने काढले. मुलाखतीला बोलवायला यातलं काहीच लागत नाही. नेमणूक झाल्यावर आधार लागलंच तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं घ्यायचं. फाइलला आता नावाऐवजी निरर्थक लांब क्रमांक मिळतो आणि लॉगिनशिवाय ती उघडत नाही.

प्रायव्हसी पॉलिसी वाचायला घेतली तर तिच्यात कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांचे हक्क होते, आणि वडोदऱ्याच्या माणसाने तक्रार कुणाकडे करायची ते नव्हतं. कुठल्यातरी परदेशी साइटवरून उचललेली. २०११ च्या नियमांपासून तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यायची अपेक्षा आहे. ती पॉलिसी काढून आम्ही एक पानाची सूचना लिहिली: काय घेतो, कशासाठी, किती महिने, कोण पाहतं, पुसायला कुठे सांगायचं. नव्या कायद्यात अशी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची मुभा माणसाला द्यावी लागते. इथे गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी ठेवल्या. संमतीची चौकट कोरी ठेवली, टिक अर्जदारानेच करायची.

४११ पैकी ६३ मेल परत आले. त्यांना एसएमएस केले. २९ जणांचे नंबरही बंद निघाले. त्यांच्यासाठी करिअरच्या पानावर चारही भाषांत निवेदन लावलंय, कोणत्या वर्षांत अर्ज केला असेल तर त्यांनी संपर्क करावा असं. आतापर्यंत त्यातले दोघं आलेत.