दोषदायित्वाच्या यादीतून गळलेला रस्ता

रस्त्याचे काम पूर्ण झाल्यावर कंत्राटदारावर काही वर्षांचे दोषदायित्व राहते आणि त्या मुदतीत रस्ता उखडला, तर त्याने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. मुंबईत कोणत्या रस्त्याला ही मुदत कधीपर्यंत लागू आहे, हे सामान्य नागरिकाला सहजासहजी कळत नाही, कारण येथील रस्ते महापालिका, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), रस्ते विकास महामंडळ आणि सार्वजनिक बांधकाम विभाग अशा अनेक यंत्रणांमध्ये वाटले गेले आहेत. ते एकीकडून दुसरीकडे सोपवलेही जातात. २०२२ मध्ये पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग एमएमआरडीएकडून महापालिकेकडे देण्याचा निर्णय झाला, हे त्याचे ठळक उदाहरण. त्यामुळे अशी कामे करणाऱ्या एका खात्याने, ज्याचे नाव मी येथे देत नाही, दोषदायित्व कालावधीतील सर्व रस्त्यांची यादी दरमहा संकेतस्थळावर खुल्या, म्हणजे संगणकाला थेट वाचता येईल अशा, स्वरूपात प्रसिद्ध करण्याचे परिपत्रक काढले, तेव्हा आमच्या छोट्या संस्थेने त्याचे मनापासून स्वागत केले.

अशी आश्वासने पुढे पाळली जातात का, हे पाहणे हे संस्थेतील माझे काम आहे. परिपत्रकाचा क्रमांक, दिलेले वचन, त्याची मुदत आणि प्रत्यक्षात काय मिळाले, याची नोंद मी ठेवते आणि प्रसिद्ध झालेली प्रत्येक फाइल तारीख घालून जतन करते. या खात्याची यादी येत होती, परंतु ती छापील कागद स्कॅन करून तयार केलेल्या पीडीएफच्या रूपात. काही पाने तिरकी होती आणि गोल शिक्का नेमका मुदत संपण्याच्या तारखेवर उमटलेला असे. अशा यादीतून विभागानुसार रस्ते वेगळे काढणे किंवा दोन महिन्यांची तुलना करणे संगणकाला जमत नाही. ते आम्ही एकेक ओळ हाताने भरून करत होतो.

ती तुलना करतानाच पूर्व उपनगरातील एक रस्ता यादीतून गायब झाल्याचे लक्षात आले. आधीच्या महिन्यात त्याची मुदत मार्च २०२८ अशी छापली होती. पुढच्या महिन्यात ती ओळच नव्हती आणि जुनी फाइल त्याच दुव्यावर नव्या फाइलीने पुसली गेली होती. त्या रस्त्यावरील एका गृहनिर्माण संस्थेने खड्ड्यांची तक्रार केली, तेव्हा "सदर रस्ता दोषदायित्व कालावधीतील यादीत समाविष्ट नाही" असे लेखी उत्तर त्यांच्या हाती पडले. आम्ही माहिती अधिकारात मूळ यादी संगणकीय स्वरूपात मागितली. जन माहिती अधिकाऱ्यांनी मुदतीत कळवले की माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे. त्यावर केलेल्या प्रथम अपिलाची सुनावणी ऐन पावसाळ्यात लागली आणि ज्या दिवसाविषयी मला लिहायचे आहे, तो हाच.

अपिलीय अधिकारी, म्हणजे अपील ऐकणाऱ्या त्याच खात्यातील वरिष्ठ अधिकारी, अनुभवी अभियंता होत्या. मी दोन्ही महिन्यांच्या याद्या त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवल्या. जन माहिती अधिकाऱ्यांनी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७ (९) चा आधार घेतला: मागितलेल्या स्वरूपात माहिती देण्यासाठी कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर वळवावी लागेल, सबब तसे करणे शक्य नाही. मॅडमनी त्यावर वाद घातला नाही. मागे उभ्या असलेल्या तरुण लिपिकाला त्यांनी विचारले, "ही यादी मुळात बनते कशात?"

"एक्सेलमध्ये, मॅडम," तो म्हणाला. "मग प्रिंट काढतो, साहेबांची सही आणि शिक्का घेतो, स्कॅन करतो आणि संगणक विभागाला पाठवतो. सहीशिवाय ते चढवून घेत नाहीत."

म्हणजे जे स्वरूप तयार करायला वेळ नाही असे आम्हाला सांगितले जात होते, ते आधीपासून तयार होते आणि खरा वेळ ते बिघडवण्यात जात होता. मॅडम उठल्या आणि आम्ही सगळेच लिपिकाच्या टेबलाशी गेलो. त्याने फाइल उघडली. डाव्या कडेचे ओळींचे क्रमांक निळे दिसत होते आणि मधूनच पुढे उडी मारत होते, याचा अर्थ यादीला गाळणी (काही ओळी दडवणारा फिल्टर) लावलेली होती. शेवटच्या रकान्यात 'शेरा' होता. गाळणी काढताच दडलेल्या ओळी खाली उलगडल्या आणि त्यांत आमचा रस्ता होता, कंत्राटदाराच्या नावासह, मार्च २०२८ याच मुदतीसह. शेरा होता, 'हस्तांतरण प्रस्तावित'. छापील यादीत अनुक्रमांकाचा रकानाच नसल्याने केवळ त्या महिन्याची यादी पाहणाऱ्या बाहेरच्या वाचकाला ओळ गळल्याचे कधीच कळले नसते.

हस्तांतरण झालेले नव्हते, केवळ प्रस्तावित होते. ज्या यंत्रणेकडे रस्ता जायचा होता, तिच्या नोंदीत तो आलेला नव्हता आणि या यंत्रणेच्या यादीतून तो निघून गेला होता. कंत्राटदाराची जबाबदारी कायम असताना ती मागणारे कोणी उरले नव्हते. लिपिकाने काहीही लपवले नव्हते, त्याला तसे सांगण्यात आले होते. मला हे जाणूनबुजून केलेल्या लपवाछपवीपेक्षा गंभीर वाटते, कारण लपवणारा कधीतरी पकडला जातो, पण रोजच्या कार्यपद्धतीत मुरलेली चूक दरमहा सही-शिक्क्यानिशी अधिकृत होत राहते.

परत दालनात आल्यावर मॅडमनी एक रास्त अडचण मांडली. "फाइल तुम्हाला देण्याचा आदेश मी करू शकते. ती संकेतस्थळावर अमुक रूपात ठेवा, असा आदेश अपिलात कसा करू?" त्यांचे म्हणणे बरोबर होते. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला सतरा बाबी आपणहून प्रसिद्ध करायला सांगते आणि लोकांना अर्ज करण्याची गरजच कमीत कमी पडावी असा प्रयत्न सतत करायला सांगते. परंतु अशी प्रसिद्धी करायला भाग पाडण्याचा अधिकार कलम १९ (८) (क) ने माहिती आयोगाला दिला आहे. यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपाचा आग्रह धरणारे २०१२ चे राष्ट्रीय डेटा धोरण केंद्राच्या खात्यांसाठी आहे; राज्याच्या खात्यापुढे ते दाखवून भागत नाही. २०११ मध्ये आठ देशांनी सुरू केलेल्या ओपन गव्हर्नमेंट पार्टनरशिपमध्ये, म्हणजे सरकारी कारभार खुला करण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय भागीदारीत, प्रत्येक वचनाची जबाबदार यंत्रणा आणि मुदत आराखड्यात लिहावी लागते आणि त्याचे स्वतंत्र मूल्यमापन होते. भारत तिचा सदस्य नाही. कलम ४ च्या अंमलबजावणीवर आयोगांनी सातत्याने देखरेख ठेवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे खरा, पण एकेका परिपत्रकापर्यंत ती देखरेख पोहोचायला कोणीतरी तारखेनिशी पुरावा घेऊन जावेच लागते.

मॅडमनी दोन कागद काढले. अपिलाच्या आदेशात मूळ फाइल गाळणीविना आम्हाला द्यावी, असे लिहिले. दुसरे, वरिष्ठ अधिकारी या नात्याने, कार्यालयीन आदेश: सही केलेल्या पीडीएफसोबत एक्सेलही चढवावी, प्रत्यक्ष ताबा दिला जाईपर्यंत रस्ता यादीतून काढू नये आणि शेऱ्यात दोन्ही यंत्रणांची नावे लिहावीत, दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत यादी प्रसिद्ध करण्याची जबाबदारी कार्यकारी अभियंत्याची राहील. मूळ परिपत्रकात पदनामही नव्हते आणि तारीखही नव्हती. सगळे निघू लागले तेव्हा त्या लिपिकाने मला हळूच विचारले, "मॅडम, मग आता प्रिंट काढायची का नाही?" त्याचा प्रश्न प्रामाणिक होता, दोन्ही करावे लागेल, असे मी त्याला सांगितले.

गृहनिर्माण संस्थेने आदेशाची प्रत जोडून पुन्हा तक्रार केली आणि या वेळी खात्याने कंत्राटदाराला नोटीस काढली. पुढच्या महिन्याची यादी ठरल्या तारखेला एक्सेलमध्ये आली, अनुक्रमांकाच्या रकान्यासह. पुसल्या गेलेल्या जुन्या याद्या मात्र संकेतस्थळावर परत आलेल्या नाहीत, आणि त्या नसतील तर कोणता रस्ता कधी व का वगळला गेला हे कोणालाही तपासता येणार नाही. त्यासाठी आम्ही राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील दाखल केले आहे. आमच्याकडे जतन केलेल्या सर्व प्रती त्याला जोडल्या आहेत आणि मागील प्रत्येक महिन्याची यादी मूळ स्वरूपात कायम उपलब्ध ठेवण्याचे निर्देश कलम १९ (८) (क) खाली मागितले आहेत.